शिलाई कामगार बायकांचा कॅमेरा : प्रस्तावना

२४ एप्रिल २०१३ रोजी सकाळी ढाक्याजवळच्या सावार इथली राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. भिंतींना गेलेले तडे आदल्याच दिवशी दिसले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं २४ तारखेला बंद राहिली. वरच्या मजल्यांवरच्या पाच कपडे-कारखान्यांतल्या कामगारांना मात्र कामावर बोलावून घेतलं गेलं. १,१३४ माणसं गेली, अडीच हजारांच्या आसपास जखमी झाली. पुढचे कित्येक दिवस जवळच्या अधरचंद्र शाळेच्या मैदानावर नातेवाईक आपल्या हरवलेल्या माणसाचा फोटो छातीशी धरून उभे होते. कुणाकडे पासपोर्ट आकाराचा फोटो होता, कुणाकडे कारखान्याच्या ओळखपत्रावरचा, तर कुणाकडे स्टुडिओत काढलेला रंगीत फोटो.

त्या रंगीत फोटोंपाशी जरा थांबायला हवं. ते कुणा वार्ताहरानं काढलेले नव्हते. गावाकडून कामासाठी आलेल्या तरुण मुली स्टुडिओत जातात, ते आपल्या पगारातले पैसे मोडून. कोणता ड्रेस घालायचा, हात कुठं ठेवायचा, मागं बगीच्याचा पडदा हवा की समुद्राचा, हे त्या स्वतः ठरवतात आणि एक प्रत गावी आईकडे पाठवतात. इमारत पडल्यावर अशा फोटोंवरच शोध घ्यायची वेळ आली. ही बाई होती, ती इथं कामाला होती, आणि ती घरी परतलेली नाही, एवढं सांगायला कित्येक कुटुंबांजवळ दुसरं काही नव्हतं. कामगार बाईनं आपल्या मर्जीनं घडवलेली प्रतिमा पुराव्याचं काम करू शकते, हे सावारच्या मैदानावर जगानं पाहिलं. हे पुस्तक ज्या विषयाची ओळख करून देतं, त्याचं मोल तिथं कळतं.

तसा कपड्याच्या कारखान्याला कॅमेरा नवा नाही. लाइनवर सीसीटीव्ही असतो. तपासणीला येणारी मंडळी जिन्यांचे, आग विझवण्याच्या नळकांड्यांचे, संडासांचे फोटो घेऊन जातात. खरेदीदार कंपन्यांच्या अहवालांत मशीनवर बसून हसणाऱ्या बायका असतात. आग लागली किंवा संप झाला की बातमीदार येतात. या सगळ्या फोटोंत बाई असते. पण फोटो कशाचा काढायचा, त्यातला कुठला ठेवायचा, त्याखाली काय लिहायचं आणि तो कुणाला दाखवायचा, हे चारही निर्णय दुसरंच कुणीतरी घेतं. या चारही निर्णयांवर कामगार बाईचा हक्क असावा, हा या पुस्तकामागचा विचार आहे. बटण कुणी दाबलं हा त्यातला पहिला आणि सगळ्यात सोपा भाग. खरा झगडा पुढच्या तिन्हींसाठी असतो.

मराठी वाचकाला हा झगडा अनोळखी वाटू नये. दलितांविषयी आणि कष्टकऱ्यांविषयी मराठीत कळवळ्यानं लिहिलं जातच होतं. तरीही १९७८ साली दया पवारांचं ‘बलुतं’ आलं, नंतर बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ आलं, पुढं २००३ मध्ये ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ आलं, तेव्हा वाचकाच्या पायाखालची जमीन हलली. ज्यांच्याविषयी लिहिलं जात होतं त्यांनीच लेखणी हातात घेतली, तेव्हा नुसती माहिती वाढली नाही. काय सांगण्याजोगं आहे याची यादीच बदलली. छायाचित्रणाच्या क्षेत्रात हीच उलथापालथ गेली शंभर वर्षं रखडत, अडखळत, तरीही नेटानं चालू आहे. मराठीत तिच्याविषयी फारसं लिहिलं गेलेलं नाही, म्हणून तिचा नकाशा आधी मांडतो.

सुरुवात बाहेरून आलेल्या कॅमेऱ्यानं झाली. न्यूयॉर्कचा पत्रकार जेकब रीस यानं १८९० साली ‘हाउ द अदर हाफ लिव्ह्ज’ हे पुस्तक काढलं. दाटीवाटीच्या खोल्यांमध्ये मुलांच्या विजारी शिवणारी स्थलांतरितांची कुटुंबं त्यानं दाखवली. त्याच्यानंतरचा लुइस हाइन अधिक काटेकोर. १९०८पासून त्यानं बालमजुरीविरोधी समितीसाठी काम केलं आणि प्रत्येक फोटोबरोबर वय, मजुरी, कामाचे तास, पत्ता यांच्या नोंदी ठेवल्या. न्यूयॉर्कच्या चाळवजा इमारतींत आई आणि मुलं मिळून कपड्यांची उरलीसुरली कामं घरी करायची, त्यांचेही फोटो त्यानं काढले. हाइनच्या नोंदींशिवाय त्याचे फोटो अर्धे राहतील. फोटोखालचा मजकूर हा फोटोचाच भाग असतो, हा त्याचा वारसा या पुस्तकातही पाळला आहे.

२५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली. १४६ जण मेले, त्यांत १२३ बायका आणि मुली होत्या. बाहेर पडायचं एक दार कुलूपबंद होतं. फुटपाथवर पडलेल्या मृतदेहांचे आणि ओळीनं मांडलेल्या शवपेट्यांचे फोटो वर्तमानपत्रांत आले, लोक खवळले, पुढं कायदे बदलले. बाहेरच्यानं काढलेल्या फोटोचं सामर्थ्य यातून दिसतं, तसंच त्याची मर्यादाही दिसते. या बायका दोनच वर्षांपूर्वी, १९०९ च्या मोठ्या संपात, रस्त्यावर उतरून सुरक्षेची आणि पगाराची मागणी करत होत्या. जगाच्या डोळ्यांपुढं मात्र त्यांची कायमची प्रतिमा राहिली ती मृतदेहांची.

दुसरा प्रवाह कामगार चळवळीतून आला. १९२६ साली जर्मनीत डाव्या विचारांच्या एका सचित्र नियतकालिकानं कामगारांना आवाहन केलं, की तुमच्या कामाचे, घरांचे, मोर्चांचे फोटो तुम्हीच काढून पाठवा. त्याच वर्षी ‘डेर आर्बायटर-फोटोग्राफ’ हे कामगार छायाचित्रकारांचं मासिक निघालं, गावोगाव गट उभे राहिले. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ही चळवळ मोडली. न्यूयॉर्कमध्ये १९३६ ते १९५१ या काळात चाललेल्या ‘फोटो लीग’नं स्वस्तात प्रशिक्षण देऊन शहरातल्या श्रमिक वस्त्यांचं चित्रण केलं, कम्युनिस्ट असल्याच्या संशयाच्या वातावरणात तीही बंद पडली. या प्रवाहानं फोटोला वर्गलढ्याचं हत्यार मानलं. पण त्याच्या नजरेतला कामगार बहुतेक वेळा पुरुष होता. भट्टीपाशी, खाणीत, यंत्रापुढं उभा असलेला. स्वयंपाकघरातली शिलाई त्याला काम म्हणून दिसलीच नाही.

ती उणीव स्त्रीवादी छायाचित्रकारांनी भरून काढली. १९७४ साली लंडनच्या हॅकनी भागात ‘हॅकनी फ्लॅशर्स’ नावाचा बायकांचा गट जमला. छायाचित्रकार जो स्पेन्स त्यांतली एक. १९७५ मध्ये त्यांनी ‘विमेन अँड वर्क’ हे प्रदर्शन भरवलं. पगारी काम करणाऱ्या बायका दाखवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की मुलं सांभाळण्याचं काम आपल्या चौकटीबाहेर राहिलं. म्हणून पुढचं प्रदर्शन त्यांनी त्याच प्रश्नावर केलं. कारखाना आणि घर ही दोन वेगळी जगं नाहीत, बाईच्या दिवसात ती एकमेकांत गुंतलेली असतात, ही जाणीव या विषयाच्या गाभ्याशी आहे.

तिसरा प्रवाह शिक्षणाच्या अंगानं आला. ब्राझीलच्या पाउलो फ्रेरी यांच्या विचारांवर आधारलेली एक साक्षरता मोहीम १९७३ च्या सुमारास पेरूमध्ये चालू होती. तिथली एक हकीकत नाट्यकर्मी आउगुस्तो बोआल यांनी नोंदवली आहे. लोकांना कॅमेरे देऊन प्रश्न विचारायचे आणि उत्तर फोटोनं द्यायला सांगायचं, अशी पद्धत होती. ‘शोषण म्हणजे काय?’ या प्रश्नावर एका मुलानं भिंतीत ठोकलेल्या खिळ्याचा फोटो आणला. मोठ्या माणसांना काही उमगेना. मुलं मात्र एकमुखानं म्हणाली, बरोबर आहे. चर्चेत उलगडा झाला. ही मुलं शहरात बूट पॉलिश करायची. घरं लांब, जड पेटी रोज नेणं-आणणं शक्य नाही. म्हणून ती एखाद्या दुकानाच्या भिंतीतला खिळा भाड्यानं घ्यायची आणि रात्री पेटी त्यावर टांगायची. बाहेरून आलेला कोणताही कुशल छायाचित्रकार त्या खिळ्यासमोरून शंभर वेळा गेला असता, तरी त्यानं कॅमेरा उचलला नसता. आणि मुलांना बोलतं केलं नसतं, तर फोटो हाती येऊनही तो खिळाच राहिला असता. फोटो आणि त्याभोवतीचं बोलणं यांची सांगड ही या पद्धतीची जान आहे.

या पद्धतीला शिस्तशीर रूप दिलं कॅरोलिन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला चीनच्या युनान प्रांतातल्या ६२ ग्रामीण स्त्रियांनी आपल्या कामाचे, आरोग्याचे, मुलांचे फोटो काढले. त्यावर चर्चा झाल्या आणि धोरण ठरवणाऱ्यांपुढं ते फोटो मांडले गेले. पुढं ‘फोटोव्हॉइस’ या नावानं ही रीत जगभर पसरली. आपलं बळ आणि आपल्या अडचणी नोंदवणं, त्यांवर मिळून बोलणं आणि निर्णय घेणाऱ्यांपर्यंत पोचणं ही तिची तीन उद्दिष्टं. तिच्यावरचा आक्षेपही तितकाच खरा आहे. निधी असेपर्यंत प्रकल्प चालतो, अहवाल छापला जातो, कॅमेरे परत घेतले जातात आणि बायका होत्या तिथंच राहतात.

या आक्षेपाला सगळ्यात भक्कम उत्तर आपल्या शेजारच्या गुजरातेत मिळालं. १९७२ साली इलाबेन भट्ट यांनी अहमदाबादेत ‘सेवा’ ही असंघटित क्षेत्रातल्या कष्टकरी बायकांची संघटना उभी केली. तिच्यात घरी बसून कपडे आणि चिंध्यांच्या गोधड्या शिवणाऱ्या बायका होत्या, भाजीवाल्या होत्या, विड्या वळणाऱ्या होत्या. १९८४ मध्ये ‘व्हिडिओ सेवा’ सुरू झाली. अक्षरओळख नसलेल्या बायकाही कॅमेरा आणि संकलन शिकल्या, आणि त्यांच्या फिती सभासदांच्या प्रशिक्षणात, बैठकांत, अधिकाऱ्यांपुढं वापरल्या गेल्या. इथं कॅमेरा प्रकल्पाचा नव्हता, संघटनेचा होता. म्हणून तो टिकला. मेक्सिकोच्या तिहुआना शहरातल्या कारखाना-कामगार बायकांनी स्वतः केलेलं दैनंदिन चित्रण हाच कणा असलेला ‘माकिलापोलिस’ हा माहितीपट २००६ साली आला. त्यामागंही तिथल्या बायकांची संघटनाच उभी होती.

चौथा प्रवाह कुणी चालवलेला नाही. स्टुडिओतले फोटो, लग्नाचे अल्बम, आणि आता मोबाइल. कामगार बायका कुणी शिकवण्याची वाट न पाहता आपले फोटो काढत, जपत, पाठवत आल्या आहेत. अभ्यासकांचं लक्ष या प्रवाहाकडे सर्वांत उशिरा गेलं. या पुस्तकात त्याला मानाची जागा आहे.

हे चारही प्रवाह एकत्र पाहायचे तर बांगलादेशाइतकी दुसरी जागा नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ‘देश गारमेंट्स’नं दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला आणि सव्वाशेहून अधिक कर्मचाऱ्यांना कोरियात शिकायला पाठवलं. १९७४च्या बहुतंतू करारामुळं इतर देशांच्या कापड-निर्यातीवर मर्यादा होत्या, म्हणून खरेदीदार नव्या देशांच्या शोधात होतेच. चाळीसेक वर्षांत हा धंदा बांगलादेशाच्या निर्यातीचा चार-पंचमांशाहून मोठा भाग झाला. सुमारे ४० लाख माणसांना त्यानं काम दिलं, त्यांत बायका बहुसंख्य. आशुलिया, सावार, गाझीपूर, नारायणगंज हे भाग या कामगारांच्या भाड्याच्या खोल्यांनी भरून गेले.

त्याच देशात छायाचित्रणाची एक तेजस्वी परंपराही उभी राहिली. शाहिदुल आलम यांनी १९८९ मध्ये ‘दृक’ ही संस्था आणि १९९८ मध्ये ‘पाठशाला’ ही छायाचित्रणाची शाळा सुरू केली. गरीब देशांच्या प्रतिमा श्रीमंत देशांतल्या छायाचित्रकारांनीच का घडवाव्यात, हा त्यांचा सवाल होता. पाठशालेत शिकलेल्या तस्लिमा अख्तर एकाच वेळी छायाचित्रकार आणि गारमेंट कामगारांच्या संघटनेच्या नेत्या आहेत. राणा प्लाझाच्या ढिगाऱ्यात एकमेकांना कवटाळलेल्या स्त्री-पुरुषाचा त्यांनी काढलेला फोटो जगभर गेला. त्या तिथं थांबल्या नाहीत. मृतांचे, बेपत्तांचे जुने फोटो आणि घरच्यांच्या आठवणी गोळा करून त्यांनी पुस्तक केलं. नातेवाइकांनी शिवलेल्या काथांवर, म्हणजे बंगाली गोधड्यांवर, त्या माणसांना जागा मिळाली. एका प्रसिद्ध फोटोपासून हजार घरांतल्या साध्या फोटोंपर्यंतचा हा त्यांचा प्रवास या विषयाची दिशा दाखवतो.

पुरावा म्हणून फोटोचं मोल आणखी एका ठिकाणी कळलं. २४ नोव्हेंबर २०१२ रोजी आशुलियातल्या ताझरीन फॅशन्सच्या आगीत शंभराहून अधिक कामगार गेले. जळक्या इमारतीत सापडलेल्या कपड्यांवरच्या लेबलांचे आणि कागदांचे फोटो कार्यकर्त्यांनी आणि पत्रकारांनी बाहेर आणले. ऑर्डर कुणाची होती, हा प्रश्न मग कुणाला टाळता येईना. पाच महिन्यांनी राणा प्लाझा पडली, आणि त्यानंतर महिन्याभरात आग व इमारत सुरक्षेचा कायदेशीर बंधनकारक ‘अकॉर्ड’ आकाराला आला. पुढं दोनशेहून अधिक कंपन्यांनी त्यावर सह्या केल्या. हा करार फोटोंमुळं झाला असं म्हणणं भाबडेपणाचं होईल; तो संघटनांनी वर्षानुवर्षं मांडलेल्या मागणीमुळं झाला. फोटोंनी एवढं केलं, की खरेदीदारांना अंग झटकणं अवघड केलं.

महाराष्ट्राचं या कहाणीशी नातं दूरचं नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या गिरण्यांमध्ये साधारण पाचातली एक कामगार बाई असायची, रीळिंग आणि वाइंडिंग खात्यांत. पुढं ही खाती आक्रसली, बायका बाहेर पडल्या, आणि १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तोवर गिरणीत बाई अपवादानंच उरली होती. त्या संपात घरं चालवली ती बायकांनी: खानावळी घातल्या, धुणीभांडी केली, नगावर शिलाई आणली. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी ‘कथा मुंबईच्या गिरणगावाची’मध्ये अशा आवाजांना जागा दिली. चित्रांच्या बाबतीत आपण मागं राहिलो. गिरणगाव म्हटलं की डोळ्यांपुढं धुराडी, भोंगा, मोर्चे आणि पुढाऱ्यांची भाषणं येतात. रीळिंग खात्यातली बाई येत नाही. महापालिकेच्या सफाई कामगारांचं सुधारक ओलवे यांनी केलेलं चित्रण श्रमाकडे पाहायला शिकवणारं आहे. त्या जोडीला, कामगारानं स्वतः केलेली नोंद हवी.

आज धारावीतले गाळे, उल्हासनगरचे जीन्सचे कारखाने, सोलापूरची गणवेशाची शिलाई, बारामतीचा टेक्स्टाइल पार्क अशा ठिकठिकाणी बायका हे काम करतात. आणि त्याहून कितीतरी घरांमध्ये धागे कापणं, काजबटण, टिकल्या-मोती लावणं, हातशिलाई चालू असते. घरबसल्या काम करणाऱ्या या बाईचं कारखान्याच्या दप्तरात नावच नसतं. माल ठेकेदार आणतो, दर तोच सांगतो, नग मोजून तोच नेतो, अल्टरला परत आलेल्या मालाचे पैसे तोच कापतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९९६ मध्ये अशा घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. त्यामागं ‘सेवा’चा मोठा रेटा होता, पण भारतानं तो अजून स्वीकारलेला नाही. जिथं हजेरीपत्रक नाही, पगाराची चिठ्ठी नाही, तिथं आलेल्या गठ्ठ्याचा, मोजलेल्या नगांचा, वहीतल्या हिशेबाचा मोबाइलवर तारखेसह काढलेला फोटो हे बाईच्या हातातलं एकमेव दप्तर असू शकतं.

मग कामगार बाईच्या फोटोत असं काय दिसतं, जे बाहेरच्याला दिसत नाही? पहिली गोष्ट म्हणजे वेळ. बातमीदार दिवसा येतो. बाईचा दिवस त्याच्या आधी उजाडतो आणि तो गेल्यानंतर संपतो. गाझीपूरच्या भाड्याच्या खोल्यांत काही बिऱ्हाडांत मिळून एखाद-दोन शेगड्या असतात. पहाटे तिथं भातासाठी लागणारी रांग ही शिफ्टचीच सुरुवात आहे. दुसरी गोष्ट अंतर. कित्येक जणींची मुलं गावी आजीकडे वाढतात. मोबाइलच्या पडद्यावरचं मुलाचं तोंड, बाजूला भिंतीवर टांगलेला उद्याचा ड्रेस आणि कोपऱ्यात चार्जरची वायर, असा फोटो मजुरीचा खर्च जितका नेमका सांगतो तितका कोणताही तक्ता सांगत नाही. तिसरी गोष्ट आनंद. बाहेरच्या कॅमेऱ्याला बाई पीडित हवी असते, किंवा जाहिरातीला ती समाधानी हवी असते. या बायका ईदची मेंदी, पहिल्या पगाराचं घड्याळ, गच्चीवरचं मैत्रिणींचं हसणं आधी टिपतात. ते नाकारून त्यांच्याकडून फक्त दुःख मागणं हा त्यांचा अपमान आहे. २०१६च्या एप्रिलमध्ये भविष्य निर्वाह निधीच्या नियमातल्या बदलाविरुद्ध बेंगळुरूच्या हजारो गारमेंट कामगार बायका रस्त्यावर उतरल्या आणि केंद्र सरकारला तो बदल मागं घ्यावा लागला. त्या बायका पीडित किंवा समाधानी या दोन्ही साच्यांत बसत नाहीत.

अडचणीही सांगायला हव्यात. बहुतेक कारखान्यांत मोबाइल गेटवर ठेवावा लागतो. आत फोटो काढताना सापडली तर नोकरी जाऊ शकते. चेहरा दिसला तर सुपरवायझर ओळखेल, घरमालक ओळखेल, नवरा विचारेल. म्हणून जाणती छायाचित्रकार हात दाखवते, पाठ दाखवते, चप्पल दाखवते, आणि अशी बंधनं पाळता पाळता एक वेगळी दृश्यभाषा घडते. परवानगीचा प्रश्न नाजूक असतो. आज हो म्हटलेली बाई उद्या संप झाल्यावर नाही म्हणू शकते, आणि तिला तो हक्क असला पाहिजे. मालकीचा प्रश्न तर बहुतेकदा विचारलाच जात नाही. आपल्याकडच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार सर्वसाधारणपणे फोटो काढणारी व्यक्तीच त्याची पहिली मालक असते. नोकरीचा भाग म्हणून किंवा मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोंची गोष्ट वेगळी. कार्यशाळेत चहा-नाश्त्याबरोबर सही घेतलेला कागद नेमकं काय लिहून देतो, हे बाईला तिच्या भाषेत वाचून दाखवलं गेलं पाहिजे. निवडीच्या टेबलावरचा प्रश्न याहून अवघड. संपादकाला सुंदर फोटो हवा असतो, बाईला खरा. तिला महत्त्वाचा वाटणारा धूसर, वाकडा, अर्ध्या उजेडातला फोटो बाजूला पडला, तर कॅमेरा तिच्या हातात देऊनही नजर आपलीच राहिली.

हा विषय आत्ताच मांडायची कारणं आहेत. २०२०मध्ये कोरोनाच्या काळात खरेदीदारांनी एकट्या बांगलादेशातल्या सुमारे तीन अब्ज डॉलरच्या ऑर्डरी रद्द केल्या किंवा रोखून धरल्या, आणि त्याच एप्रिलमध्ये कारखाने उघडणार म्हणून हजारो कामगार वाहनं नसताना पायी ढाक्याकडे निघाले. २०२३च्या अखेरीस किमान वेतन दरमहा २३,००० टाका करावं म्हणून आंदोलन झालं. १२,५०० वर बोळवण झाली आणि काही कामगारांचा जीव गेला. अशा प्रत्येक वेळी कामगारांच्या मोबाइलमध्ये शेकडो फोटो जमा होतात आणि फोन बिघडला, विकला, चोरीला गेला की नाहीसे होतात. दुसरीकडे, यंत्रानं बनवलेल्या प्रतिमांनी फोटोवरचा विश्वासच डळमळीत केला आहे. हा फोटो कुणी काढला, कधी, कुठं, आणि त्यामागं कोण उभी आहे, याची नोंद असलेल्या संग्रहाचं मोल त्यामुळं वाढलं आहे. प्रतिमांचा तुटवडा नाही. जबाबदारीनं जपलेल्या प्रतिमांचा आहे.

या पुस्तकाचा हेतू यातून स्पष्ट व्हावा. मराठी वाचकाला या क्षेत्राचा इतिहास, पद्धती आणि वाद एका ठिकाणी मिळावेत, ही पहिली इच्छा. कारखाना, घर आणि संघटना या तिन्ही जागा एकत्र वाचल्या जाव्यात, ही दुसरी. म्हणून इथं कारखान्याइतकंच घरबसल्या शिलाईला आणि स्टुडिओतल्या फोटोंना स्थान दिलं आहे. पाळलेले नियम थोडे आहेत, पण कडक आहेत. जिचा फोटो, तिचीच निवड. फोटोखालचा मजकूर तिच्या बोलीत. प्रमाणभाषेत आणण्यासाठी तो घासूनपुसून घेतलेला नाही. नाव छापायचं की नाही हे ती सांगेल, आणि पुढच्या आवृत्तीत ते काढायचं असेल तर काढलं जाईल. अभ्यासकांचे लेख फोटोंना ठिगळ लावत नाहीत. ते शेजारी उभे राहतात आणि जिथं फोटो पुरेसा बोलतो तिथं गप्प बसतात. सगळ्या प्रश्नांची उत्तरं इथं नाहीत. संघटनेनं वापरलेला फोटो प्रचाराचा होतो का, संग्रहालयानं विकत घेतलेला फोटो कामगाराचा उरतो का, यांवर इथल्या लेखकांतच मतभेद आहेत आणि ते उघडपणे छापले आहेत.

वाचकानं हे पुस्तक कसं वाचावं, याविषयी एकच विनंती आहे. फोटो पाहण्याआधी त्याखालचा मजकूर वाचू नका, आणि तो वाचल्याशिवाय पुढच्या फोटोकडे जाऊ नका. पहिल्यांदा पाहताना आपण काय गृहीत धरलं आणि मजकूर वाचल्यावर ते कसं बदललं, याकडे लक्ष द्या. हे पुस्तक वाचकाला शिकवू शकतं ते त्या बदलात.

माझी मोठी अपेक्षा मात्र पुस्तकाबाहेरची आहे. सोलापूर, इचलकरंजी, उल्हासनगर, धारावी इथल्या संघटनांनी, महिला मंडळांनी, बचत गटांनी आपापला संग्रह सुरू करावा. त्याला महागडा कॅमेरा लागत नाही. बायकांकडे मोबाइल आहेत, फोटो आहेत, सांगण्यासारखं खूप आहे. लागतं ते महिन्यातून एकदा एकत्र बसणं, फोटो निवडणं, त्यांखाली नाव-तारीख-मजकूर लिहिणं आणि ते दोन ठिकाणी जपून ठेवणं. ते काम सुरू झालं, तर पुढचं पुस्तक अभ्यासकांनी बायकांसाठी केलेलं नसेल; बायकांनी केलेलं असेल, आणि त्याची प्रस्तावना कुणी लिहायची हेही त्याच ठरवतील.